हद्दीपलीकडचे पाणी

वकिलाच्या घरी येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत बहुधा एखादा कागद असतो, आणि तो बाहेर निघेपर्यंत चहाला रुची येत नाही, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. गेल्या वर्षी ज्येष्ठात आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बीदरहून कलबुर्गीस आले तेव्हा त्यांच्या पिशवीत आंब्यांखाली असाच एक कागद होता. बीदरच्या पठारावर त्यांचे वडिलार्जित चार एकरांचे शेत आहे. त्याच्या विक्रीचा तो कच्चा मसुदा होता. घेणारा गृहस्थ तेथे ले-आउट पाडणार होता. भाव चांगला होता, आणि विक्रीचे कारणही असे की कोणाही बापाने अभिमानाने सांगावे. मुलीला अहमदाबादेस सेप्ट विद्यापीठात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करावयाचा होता, आणि त्याचा खर्च दाजींच्या निवृत्तिवेतनातून निघण्यासारखा नव्हता.

अडचण एवढीच होती की त्या कागदावर मुलीची सही हवी होती आणि मुलगी सही करीत नव्हती. “तुझी भाची आहे, वकिला, तूच समजाव,” असे म्हणून दाजींनी आंबे माझ्या पुढे सरकविले.

ती जो अभ्यास करावयास निघाली होती त्याला इंग्रजीत ‘लॅण्डस्केप आर्किटेक्चर’ म्हणतात. मराठीत कोणी भूदृश्य-वास्तुकला म्हणतो, कोणी स्थलशिल्प. नाव अद्याप रुळलेले नाही, आणि त्यात नवल नाही. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ज्याने १८५८ साली कॅल्व्हर्ट व्हॉ याच्या सहकार्याने आखले त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडलाही हे नाव कधी मनापासून रुचले नव्हते. दाजींनी मात्र त्याचे भाषांतर फार लवकर करून टाकले होते. “पाच वर्षे घरे बांधायला शिकली, आता दोन वर्षे बागा लावायला शिकणार. आमच्या आजोबांना हे फुकट येत होते.”

आजोबांना खरोखरच येत होते, ही गोष्ट निराळी. परंतु ही मुलगी या वाटेला कशी लागली हे सांगितल्यावाचून पुढचा प्रश्न वाचकांच्या ध्यानात यावयाचा नाही.

वास्तुकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षी तिच्या वर्गाला बीदरच्या महमूद गवानच्या मदरशाची मोजणी करावयास सांगितले होते. १४७२ साली उभी राहिलेली ही विद्याशाळा पाहावयास दुरून लोक येतात. तिच्या उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर अजून निळ्यापिवळ्या चकत्यांचे काम शिल्लक आहे. बाकीची मुले त्या चकत्या मोजू लागली. हिच्या मनात मात्र एक अगदी घरगुती शंका आली. एवढी विद्यार्थ्यांची वसती येथे राहत होती, तर ती पाणी कोठले पीत होती? नदी म्हणावी तर मांजरा बरीच खाली व लांब. शहर तर पठाराच्या माथ्यावर. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा बहमनीने आपली राजधानी गुलबर्ग्याहून उचलून या उंच कोरड्या दिसणाऱ्या माळावर आणली ती कोणत्या भरवशावर?

शिक्षकांनी तिला नौबादला पाठविले. नौबादच्या लोकांच्या बोलण्यात जिला ‘सुरंग बावी’ म्हणतात तो करेझ तेथे आहे. करेझ म्हणजे इराणी पद्धतीचा भूमिगत पाट. जमिनीच्या पोटातून अगदी अल्प उताराचा बोगदा खोदीत न्यावयाचा, ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडून उजेड, हवा आणि गाळ काढण्याची सोय करावयाची, आणि झिरपलेले पाणी कोणत्याही मोटेवाचून उताराच्या टोकाशी आपल्या पायांनी बाहेर येऊ द्यावयाचे. आजच्या छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात केलेली नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना नवी नाही. बीदरला अशा तीन व्यवस्था आहेत: नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी. नौबादची कित्येक वर्षे गाळाने बुजलेली होती. अलीकडच्या काळात केरळातील भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा माग काढला आणि ती उपसण्याचे काम झाले. माझी भाची तेथे पोहोचली तेव्हा एका उभ्या विहिरीच्या काठावर पालथी पडून तिने आत डोकावून पाहिले. त्या दिवसापासून ती इमारतींकडे पाहते ती इमारतीखालच्या जमिनीकडे पाहण्यासाठी, असे तिची आई म्हणते.

करेझमध्ये पाणी येते कोठून, याचे उत्तर आमच्या कोकणी वाचकांना माझ्याहून अधिक चांगले ठाऊक असावे, कारण तो त्यांच्या परसातला दगड आहे. बीदरचे पठार म्हणजे जांभ्याची एक जाड टोपी आहे. तोच जांभा, ज्याचे चिरे कोकणात आणि गोव्यात घरांना लावतात. समुद्रापासून इतक्या दूर, काळ्या पाषाणाच्या देशात हा तांबडा दगड एखाद्या परदेशी पाहुण्यासारखा बसलेला आहे. तो छिद्राळ असल्यामुळे पावसाचे पाणी पोटात घेतो. खाली चिकण थर व अभेद्य काळा पाषाण लागला की ते पाणी अडते, आडवे चालू लागते आणि पठाराच्या कडेला जेथे हा सांधा उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणात सड्यावर पडलेले पाणी पायथ्याच्या देवळाच्या तळीत येते, तसेच हे आहे.

आणि बीदरच्या पठाराच्या कडेकडेने पाहत जा. पापनाशाचे शिवालय तेथे आहे, नानक झिरा तेथे आहे, आणि झरणी नृसिंहही तेथेच आहे. झरणी नृसिंहाच्या दर्शनास जे गेले असतील त्यांना ती वाट विसरता यावयाची नाही. डोंगरात खोदलेल्या अंधाऱ्या बोगद्यातून, कधी कमरेइतक्या तर कधी छातीइतक्या पाण्यातून चालत गेल्यावर देव भेटतो. आम्ही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहोत. त्या पाण्याला आम्ही तीर्थ म्हणत होतो आणि अजूनही म्हणतो. परंतु ते पाणी देवाच्या गाभाऱ्यात उत्पन्न होत नाही. ते आधी वर पठारावर, कोणाच्या तरी उडदाच्या रानात पडलेले असते. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात चाळीस वर्षे आली नव्हती. ती माझ्या भाचीने मला दाखविली, आणि तीच तिने सही न करण्याचे कारण म्हणून सांगितली.

“मामा, आपल्या शेताचे पाणी कोणत्या झऱ्याला जाते हे मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “ते शिकायलाच मी जाते आहे. आणि शिकायला जाण्यासाठी ते शेत फरसबंद होऊ द्यायचे, हे मला जमत नाही.”

मी वकिली पेशाला शोभेल असेच उत्तर दिले. म्हटले, शेत तुमचे आहे, देवाचे नाही. देवाच्या मिळकतीची हद्द देवळाच्या कुसवाशी संपते. हिंदूंची देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला मिळकत धारण करता येते, एवढेच नव्हे तर तिने कोठे राहावे याविषयी तिच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे, असे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मल्लिक घराण्याच्या खटल्यात म्हटलेले आहे. पण या व्यक्तीलाही शेजाऱ्याच्या रानावर हक्क नाही. वहिवाटीच्या हक्कांचा १८८२ चा जो कायदा आहे त्यात सरळ सांगितले आहे की निश्चित प्रवाहातून न वाहणारे, जमिनीखाली झिरपणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार प्रत्येक जमीनमालकाला आहे.

आणि मग, ज्या निवाड्याची गोष्ट कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी ऐकविली जाते, ती मी तिला सांगितली. इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचे शहर आहे. तेथील नगरपालिका काही झऱ्यांचे पाणी शहराला पुरवीत असे. त्या झऱ्यांच्या वरच्या अंगाला पिकल्स नावाच्या गृहस्थाची जमीन होती. त्याने आपल्या जमिनीत खोदकाम सुरू केले आणि झऱ्यांचे पाणी घटू लागले. नगरपालिकेचे म्हणणे असे की याला खोदकामाची गरज नाही. आमच्याकडून जबर किंमत उकळावी एवढाच याचा हेतू आहे. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की हेतू कसाही असो, कृत्य हक्कातले असेल तर त्याला अडविता येत नाही.

“म्हणजे तो वाईट माणूस होता, हे सगळ्यांना मान्य होते?” तिने विचारले.

“बहुधा.”

“आणि तरी जिंकला?”

“जिंकला.”

ती काही बोलली नाही. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. विद्यार्थिदशेत हा निवाडा वाचला तेव्हा तो मला कायद्याच्या स्वच्छपणाचा नमुना वाटला होता. माणसाच्या मनात शिरावयाचे नाही, कृत्य पाहावयाचे. आजही तो चूक आहे असे मला म्हणवत नाही. न्यायालय प्रत्येकाच्या हेतूची झडती घेऊ लागले तर कोणाचीच मिळकत निर्वेध राहणार नाही. परंतु पिकल्सचा खटला आपल्याला एवढेच शिकवितो की त्याला कोणी थांबवू शकत नव्हते. त्याने खोदावे की नाही, हा प्रश्न त्या न्यायमूर्तींपुढे नव्हताच. तो फक्त पिकल्सपुढे होता. आपण हक्काचा निकाल लागला की कर्तव्याचाही लागला असे समजून कागदाची घडी घालतो, आणि ही चूक अशिलांपेक्षा वकील अधिक वेळा करतात.

माझी स्वतःचीच गोष्ट सांगावयाची तर, आमच्या भागातल्या खरेदीखतांत एक जुनी ओळ असते. जमीन विकली ती निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध, साध्य या अष्टभोगांसह विकली, असे लिहिण्याची प्रथा कानडी मुलखात शिलालेखांपासून चालत आली आहे. मराठी दस्तांत तिची बहीण आहे: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण. ही ओळ मी किती वेळा लिहिली असेन त्याची गणती नाही. पक्षकार ती ऐकताना जांभई देतात आणि कारकून ती पाठ असल्यामुळे न पाहता टंकतो. त्यांतले ‘जल’ म्हणजे कोणते जल, ते कोठून येते आणि कोणाकडे निघाले आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. जे आपले नाही ते विकता येत नाही हा तर आमच्या शास्त्राचा पहिला धडा.

यावर कोणी म्हणेल की हा प्रश्न नव्या विद्येने उपस्थित केलेला आहे, जुन्या लोकांना तो सुचला नव्हता. मला तसे वाटत नाही, आणि त्यासाठी फार दूर जावयास नको. बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण हे चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याचे कल्याण. त्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि तिच्या शेवटी त्या नगराचा, राजाचा व स्वतःचा गौरव करून ठेवला. कलबुर्गी जिल्ह्यातले मरतूर हे त्याचे गाव मानतात. बंगाल वगळता बहुतेक साऱ्या हिंदुस्थानाचा वारसा ज्या ग्रंथाने शतकानुशतके ठरविला तो आमच्या या दुष्काळी जिल्ह्यांत लिहिला गेला, याचा आम्हा वकिलांना थोडा अभिमान वाटतो. इतरांना तो ठाऊकही नसतो.

त्या स्मृतीत सीमावादाचे प्रकरण आहे. गावाची हद्द कशाने ओळखावी, तर झाडे, बांध, वारुळे, सखल जागा, चैत्य यांनी. म्हणजे हद्द ही कागदावरची रेघ नव्हती, उभे राहून पाहावयाची वस्तू होती. झाडे तोडणाऱ्याला दंड सांगितला आहे, आणि ते झाड चैत्याजवळचे, स्मशानातले, सीमेवरचे, पुण्यस्थानातले वा देवालयातले असेल तर दंड दुप्पट. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती मिताक्षरेची जन्मस्वत्वाची कल्पना. वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क बाप मेल्यावर नव्हे, तर जन्मतःच उत्पन्न होतो. म्हणून बापाला स्थावर मनास येईल तसे विकता येत नाही. विज्ञानेश्वराने या संदर्भात एका वचनाचा आधार घेतला आहे. त्याचा आशय असा की जे जन्मले आहेत, जे अद्याप जन्मले नाहीत आणि जे गर्भात आहेत ते सगळेच आपल्या निर्वाहाची अपेक्षा करतात, म्हणून दान नको आणि विक्रीही नको. न जन्मलेल्याला पक्षकार करून घेणारे हे धर्मशास्त्र आहे. कुटुंबाच्या आपत्तीत किंवा धर्मकृत्यासाठी विक्रीची मुभा त्याने ठेवली, पण आधी आडकाठी घातली आणि मग मुभा दिली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

हे जन्मस्वत्व कर्नाटकात १९९४ साली मुलींना मिळाले आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने देशभर. म्हणूनच त्या कागदावर माझ्या भाचीची सही लागत होती. दाजींच्या दृष्टीने ती एक औपचारिकता होती. तिच्या दृष्टीने मात्र तो आयुष्यातला पहिला हक्क होता, आणि तो वापरावयाचा झाला तर बापाच्या विरुद्ध वापरावयाचा होता.

दाजींची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. हा मनुष्य पस्तीस वर्षे शाळेत शिकविता झाला. पठारावरचे ते शेत त्याला कधी पुरेसे पिकले नाही. आसपासची रानेही एकेक करून ले-आउटात गेली. आपण एकट्याने चार एकर उघडे ठेवल्याने कोणता झरा जगणार? आणि मुलीचे शिक्षण म्हणजे काही चैन नव्हे. मिताक्षरेची भाषा वापरावयाची तर ती कुटुंबाची गरजच होय. “जमीन राखून मुलगी अडाणी ठेवली असती तर तुम्हीच मला नावे ठेवली असती,” असे दाजी म्हणाले, आणि ते खरे होते. त्यांनी आणखीही एक गोष्ट सुनावली. ती भाचीच्या वर्मी लागली. “तुला जी नीती सुचते ती माझ्या पैशाने शिकल्यामुळे सुचते.”

आपल्याकडे अशा प्रसंगी स्वधर्माचा दाखला देतात. पण ज्या विद्येला आपल्या भाषेत अजून नाव नाही ती कोणाचा स्वधर्म म्हणावी? जगातही या विद्येकडे लोक वाकड्या वाटेनेच आले आहेत. ओल्मस्टेड आधी शेतकरी होता, मग वृत्तपत्रलेखक. श्रीलंकेचा जेफ्री बावा तर आमच्याच धंद्यातला. लंडनला बॅरिस्टर झाला, परत येऊन थोडी वकिली केली, १९४८ साली रबराचा एक जुना मळा विकत घेऊन तेथे बाग करू लागला, आणि बाग नीट जमेना म्हणून वास्तुकला शिकावयास पुन्हा विलायतेला गेला. १९५७ साली तो वास्तुविशारद झाला तेव्हा त्याचे वय अडतीस होते. हे वाचल्यापासून मी आपल्या वयाचा हिशेब करणे सोडून दिले आहे. या दोघांपाशी एक सोय होती. शिकावयाला जागा हवी तर ती मिळवावयाची होती. माझ्या भाचीपाशी जागा आधीच होती, आणि शिकावयासाठी ती द्यावयाची होती.

बीदरचे नाव निघाले की मराठी मनुष्याला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याच्या या कारभाऱ्याने दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांना लुटवली, आणि त्याची भरपाई विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंगाने बीदरच्या दरबारात जाऊन केली, ही कथा आपण कीर्तनांत ऐकत आलो आहोत. दामाजींनी जे धान्य वाटले ते कायद्याने त्यांचे नव्हते. तरी त्यांनी योग्य केले असे आपण म्हणतो. त्या कथेत हिशेब मात्र चुकविला जातो, माफ होत नाही, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. कोणीतरी मोहरांची थैली घेऊन यावेच लागते. प्रत्येक वेळी विठू येईल असे गृहीत धरून दस्तऐवज करता येत नाही, एवढीच वकिलाची अडचण.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला उपनिधीविषयी सांगितले. स्मृतीत ठेवीचा एक प्रकार आहे. डब्यात वा करंडीत घालून, आत काय आहे ते न सांगता एखादी वस्तू दुसऱ्याच्या हवाली केली तर ती उपनिधी. ती जशी दिली तशीच परत करावयाची. राजाने, दैवाने वा चोराने नेली तर ठेवणाऱ्यावर दोष नाही. पण त्याने ती आपल्या मर्जीने वापरून तिच्यावर निर्वाह केला तर दंडही आहे आणि व्याजासह परतफेडही आहे. मला वाटले होते, पठाराला हे रूपक अचूक लागू पडते. आत काय आहे ते आपल्याला सांगितलेले नाही. म्हणून उघडून खर्चू नये.

तिने ते क्षणभर तोलून पाहिले आणि नाकारले. “मामा, मग शेतकऱ्याने पेरायचेच नाही काय? आजोबा त्याच जमिनीवर जगले. करेझ खोदणाऱ्यांनी तर डबा फोडलाच की.”

तिचे म्हणणे खरे होते. मी सुचविलेली नीती पाळावयाची तर भूमीला हातच लावता येणार नाही, आणि ज्या नीतीने उपाशी मरावे लागते ती बहुधा दुसऱ्यासाठीच सांगितलेली असते. मग तिने आपली दुरुस्ती सांगितली. पीक आपले, दगड आपला, पाणी उपसले तर तेही काही अंशी आपले. परंतु पाण्याने वरून खाली कसे जावे ही जी त्या जागेची मांडणी आहे, उतार, ओढा, झिरपण्याची जागा, ती आपली नाही. आजोबांनी शंभर वेळा पेरले, पण ओढा बुजविला नाही. नौबादच्या कारागिरांनी डोंगर पोखरला, पण पाणी ज्या बाजूने चालले होते त्याच बाजूने नेले. “वापर आणि मोडतोड यांत कोठेतरी रेघ आहे. ती नेमकी कोठे ओढायची, हेच त्या दोन वर्षांत शिकवतात म्हणे.”

मला वाटते, आमच्या पूर्वजांनी ज्याला पूर्त म्हटले, विहिरी, तळी, देवालये, अन्नदान, उपवने, त्या धर्माची ही नव्याने मांडलेली बाजू आहे. एक फरक मात्र आहे. तळे बांधणाऱ्याचे नाव पायरीवर कोरता येते. ओढा न बुजविणाऱ्याचे नाव कोरावयास जागा नसते. आपल्या देवस्थानांच्या वर्गणीच्या याद्या पाहिल्या तर सभामंडपाच्या फरशीला देणगीदार पुष्कळ मिळतात, पाण्याच्या वाटेला कोणी मिळत नाही. याला देणगीदारांपेक्षा आम्ही विश्वस्त व सल्लागार अधिक जबाबदार आहोत. गाणगापुरी अष्टतीर्थांचा महिमा गुरुचरित्रात आपण भक्तीने वाचतो, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतो, आणि दुष्काळाच्या वर्षी पात्र उघडे पडले की टँकरची चौकशी करतो.

एवढ्याने सहीचा प्रश्न सुटला नव्हता. तो सुटला, जितका सुटला तितका, पुन्हा एका इंग्रज खटल्याने. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरच्या मध्यभागी एक बाग आहे. १८०८ साली टल्क नावाच्या मालकाने ती विकली, पण भोवतालची काही घरे स्वतःकडे ठेवली, आणि बाग उघडीच ठेवावी, तिच्यावर इमारत बांधू नये अशी अट घातली. बाग हातोहात विकली जात शेवटी मॉक्सहे याच्याकडे आली. त्याला अट ठाऊक होती, तरी तो म्हणाला, करार माझा नव्हे. १८४८ साली न्यायालयाने त्याला बांधू दिले नाही. जी अट जाणून घेऊन जमीन घेतली ती झटकता येत नाही. आमच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात हे तत्त्व उतरले आहे. विकणाऱ्याने लगतची जमीन राखून ठेवली असेल, तर तिच्या उपभोगासाठी विकलेल्या जमिनीवर काही बंधन घालता येते, आणि ते पुढच्या माहीतगार खरेदीदारालाही बांधते. मात्र विकणाऱ्याने सगळेच विकले तर मागे राखण्यासारखे काही उरत नाही आणि अट हवेत जाते. आणि कायदा ‘करू नका’ एवढेच बांधू शकतो. ‘करा’ हे बांधणे त्याला जमत नाही.

तेव्हा सडकेलगतचा दीड एकर विकावयाचा आणि विहिरीसह खालचा अडीच एकर ठेवावयाचा असे ठरले. दीड एकरातून जो ओढा विहिरीकडे येतो तो व त्याच्या दोन्ही काठांची पट्टी बुजवू नये, तिच्यावर बांधकाम वा फरसबंदी करू नये, अशी चार ओळींची अट मी दस्तात घातली. खरेदीदाराने ती वाचली आणि लगेच भाव पाडला. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे लागले व त्याला दाजी जामीन राहिले. मुलीने सही केली. सही करताना ती प्रसन्न नव्हती, आणि मला वाटते तिने प्रसन्न नसणे योग्यच होते. दीड एकरातला बराचसा भाग शेवटी फरसबंद होणारच आहे. तिचे शिक्षण त्यातून झालेले आहे, हे ती विसरणार नाही. दाजी म्हणतात की वकिलाच्या चार ओळींनी त्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे चाळीस वर्षांच्या रोगराईने उडदाचे केले नाही. त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. नीतीची किंमत बहुधा ती सुचविणाऱ्याला पडत नाही, ही गोष्ट मी त्यांच्यासमोर कबूल केली आहे.

ती आता अहमदाबादेत आहे. गेल्या महिन्यात तिचे पत्र आले. पठाराच्या त्या बाजूचे निजामी अमदानीतले जुने नकाशे व नोंदी हव्या आहेत, कारण जुने ओढे नव्या नकाशांत दिसत नाहीत. मी बीदरच्या अभिलेख-कक्षात गेलो. नोंदी उर्दूत आहेत. वाचून देणारा एक वृद्ध गृहस्थ मोठ्या मुश्किलीने मिळाला. कारकुनाने अर्ज पाहून विचारले, “खटला कोणता? वादी कोण, प्रतिवादी कोण?” खटला नाही म्हटल्यावर त्याने अर्ज परत माझ्यापुढे ठेवला. त्या दोन रकान्यांत काय लिहावे हे ठरत नसल्यामुळे अर्ज अजून माझ्या टेबलावरच आहे.

शेतातल्या विहिरीत एक गाठी मारलेला दोर आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षापासून ती दर रविवारी तो सोडून पाण्याची पातळी वहीत टिपीत असे. ती गेल्यापासून दाजी जातात. आकडा मात्र ते मुलीला कळवीत नाहीत, मला कळवितात, आणि तो मी तिला पाठवायचा असतो.